सर्वांच्या काकू

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी यंदा सावित्रीबाई फुल्यांवर लिहिणार असे सांगितले, तेव्हा आमच्यातल्या एका भगिनीने हसून विचारले की, आता त्यांच्याविषयी लिहायचे राहिले तरी काय? तिचे म्हणणे खोटे नाही. दर ३ जानेवारीला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, मुलींची भाषणे होतात, आणि प्रत्येक भाषणात १८४८ सालची पुण्याची शाळा, अंगावर पडलेले शेण आणि पिशवीतले दुसरे लुगडे येतेच. ते सारे खरेच मोठे आहे. परंतु मला आज शाळेविषयी थोडेच लिहायचे आहे. मला लिहायचे आहे ते त्यांच्या चुलीविषयी, त्यांनी काढलेल्या आजाऱ्यांच्या उष्ट्याखरकट्याविषयी. हे ऐकून ती भगिनी थोडी रागावली. ज्या बाईने आपल्याला चुलीपासून उठवून पाटीपाशी बसवले, तिला तुम्ही पुन्हा चुलीपाशी कशाला नेता, असे तिने विचारले. तिला मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकले नाही. म्हणून हा लेख.

आधी मला हे कसे सुचले ते सांगते. काही वर्षांपूर्वीचा पौष महिना. धान घरात आलेले, चुरणी आटोपलेली, आणि आपल्या धानोऱ्याला रानावरून येणारी ती हाडे गोठवणारी थंडी. आमचे घर तेरा माणसांचे. आधी धाकट्या पुतण्याला हिव भरून ताप आला, मग मामंजींना, मग एकामागून एक असे आठ दिवसांत नऊ जणांनी अंथरूण धरले. उभ्या राहिलो त्या मी आणि माझी धाकटी जाऊ. पहाटे उठून मोठ्या गंजात तांदळाची पेज चढवायची, ती खाली उतरली की दुसऱ्या चुलीवर पाणी तापवायचे. कुणाला पेज उलटून पडते, कुणाला कोमट पाणीच हवे, कुणाला सुंठेचा काढा, तर सासूबाईंना आंबिलाशिवाय तोंडाला चव नाही. जे बरे होते त्यांना मात्र नेहमीसारखे भात-वरण आणि लाखोळीची भाजी पाहिजेच. आजाऱ्याचे कपडे वेगळे उकळायचे, भांडी वेगळी घासायची, रात्री शेगडीतले निखारे पाहायचे. पाचव्या दिवशी मी उभ्या उभ्या भिंतीला टेकून झोपले, तेव्हा जाऊने माझ्या हातातला पळा काढून घेतला.

त्याच दिवसांत आमच्या कुपाटीपलीकडे बांबूच्या कामाला आलेले एक कुटुंब राहत होते. नवरा लांब कामावर, आणि बाई व तिची सात-आठ वर्षांची मुलगी घरी. तीही तापाने पडली. घरात वडीलधाऱ्यांनी सांगितले की, आपल्याच घरी एवढे आजारी असताना तिकडे जाऊ नका आणि तिकडचे कुणी इकडे येऊ देऊ नका. त्यांचे चुकीचे होते असे मी म्हणत नाही. मी दोन दिवस पेजेचा डबा फाटकाशी ठेवून मागे फिरले. तिसऱ्या दिवशी ती पोर डबा घासूनपुसून परत घेऊन आली. कुपाटीबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली की, आई काही खात नाही, सगळे मीच खाल्ले. मग मात्र मी गेले. त्या बाईला दवाखान्यात न्यावे लागले, पुढे ती बरी झाली, आणि काम संपल्यावर ते कुटुंब निघूनही गेले. पण ते दोन दिवस माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत.

त्या संध्याकाळी पडून असलेल्या पुतणीला तिच्या शाळेच्या पुस्तकातला धडा मी वाचून दाखवत होते. धडा सावित्रीबाईंचा होता. शेवटी एकच वाक्य होते की, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांचे निधन झाले. हे वाक्य मी लहानपणापासून किती वेळा वाचले असेन! पण ज्या दिवशी आपल्याच घरात नऊ माणसे तापलेली असतात त्या दिवशी ते वाचणे निराळे. मग मिळेल तिथून त्यांचे चरित्र वाचत गेले.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. खंडोजी नेवसे पाटलांची ही मुलगी. नवव्या वर्षी, १८४० साली, त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी झाले. तेव्हा जोतीरावही तेरा वर्षांचे पोरच होते. त्यांना सांभाळले होते सगुणाबाईंनी, कारण आई लहानपणीच गेलेली. लग्नानंतर सावित्रीबाई शिकल्या, शिकवू लागल्या, त्यापायी सासऱ्यांचे घर सोडावे लागले, उस्मान शेखांच्या घरी आसरा मिळाला आणि फातिमा शेख सोबतीला आल्या. १८५२ साली सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कारही केला. हा भाग आपणा सर्वांना पाठ आहे, म्हणून मी पुढे जाते.

१८५६ सालची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या साली सावित्रीबाई स्वतः फार आजारी पडल्या आणि माहेरी नायगावला गेल्या. त्यांच्या भावाने त्यांची शुश्रूषा केली. बरे वाटू लागल्यावर ऑक्टोबर महिन्यात त्यांनी तिथून पुण्याला जोतीरावांना पत्र पाठवले. बहिणीची रात्रंदिवस सेवा करणारा हाच भाऊ तिला बोलही लावीत होता की, तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी काम करता, हे कुळाला शोभत नाही. सावित्रीबाईंनी अंथरुणावरूनच त्याला समजावले आणि पत्रातही ते मोकळेपणाने लिहिले. मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, आजारपणात कुणी आपली सेवा करावी म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. दुसरी अशी की, जो आपल्याला पेज भरवतो त्याच्यापुढेही मान तुकवून गप्प बसायचे नसते. आपण बायका या दुसऱ्या गोष्टीत फार कच्च्या असतो.

त्यांना स्वतःच्या पोटचे मूल झाले नाही. परंतु पुण्याच्या गंज पेठेतल्या त्या घरात माणसांची वाण कधी नव्हती. १८६३ साली त्या दोघांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या काळी विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे. कायदा १८५६ साली झाला होता, पण समाज करू देत नसे. एखादीचे पाऊल वाकडे पडले किंवा कुणी पाडले, तर तिच्यापुढे विहीर तरी असे किंवा जन्मलेल्या बाळाच्या गळ्यावर नख तरी. अशा बाईने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती सोय होती. १८८४ सालापर्यंत पस्तीस विधवा तिथे आल्या.

भगिनींनो, पस्तीस बाळंतपणे म्हणजे काय ते आपल्याला निराळे सांगायला नको. शेक-शेगडी, आंघोळीचे पाणी, डिंक-आळीव जमेल तसे, बाळाची दुपटी, रात्रीची रडारड, आणि इथे तर आलेल्या बाईचे तोंड भीतीने पांढरे झालेले. तिला माहेरची माणसे नाहीत, बारसे नाही, ओटी नाही. तिची जात सावित्रीबाईंपेक्षा उच्च समजली जाणारी, आणि एरवी ती त्यांच्या हातचे पाणीही प्याली नसती. त्या सगळ्यांचे केले ते सावित्रीबाईंनी. त्यांतल्याच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे त्याला त्यांनी डॉक्टर केले, हे ध्यानात ठेवा.

शिवाय घरात शिकायला ठेवलेली गरिबांची मुले असत, आलेगेले असत, सत्यशोधक समाजाची माणसे असत. समाजाची स्थापना १८७३ सालची. येणारे लोक जोतीरावांना तात्यासाहेब म्हणत आणि सावित्रीबाईंना काकू. काकू पहाटे उठत, घर आरशासारखे ठेवीत, भांडी जागच्या जागी लागत, आणि कुणी पाहुणा आला की त्याला जेवल्यावाचून जाऊ देत नसत. एखादी बाई फाटके नेसून दारात आली तर आतून स्वतःचे लुगडे आणून देत. खर्च होतो म्हणून कधी तात्यासाहेब कुरकुरत, त्यावर काकू नुसत्या हसत, असे त्यांना पाहिलेल्यांनी सांगून ठेवले आहे. जोतीरावांना ठेकेदारीचे आणि शेतीचे उत्पन्न होते, पण ते कुठे जात असेल ते आता कळते.

मग आला १८७६-७७ चा दुष्काळ. १८७६ साली पाऊस गेला आणि मुंबई व मद्रास इलाख्यांत लाखो माणसे मेली. सरकारने खडी फोडण्याची, तलाव खणण्याची कामे काढली. परंतु सर रिचर्ड टेंपल या साहेबाने अशी मजुरी बसवली की, दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा मिळावा. बायकांना त्याहून कमी. एक पौंड म्हणजे आपले साडेचारशे ग्रॅम. साडेचारशे ग्रॅम ज्वारीच्या भाकरी किती होतात याचा हिशोब आपण कुणीही तोंडी करू. चार, फार तर पाच, आणि त्याही कोरड्या. धान कापणीला येणाऱ्या बाईला आपण तेवढेच देऊन बघावे, ती दुसऱ्या दिवशी येणार नाही. मुलांना त्यात काय उरणार? आईबाप कामावर जात आणि मुले रस्त्यावर.

त्या १८७७ सालच्या एप्रिलात सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूरला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात गुरे कशी पडत आहेत, पाण्यासाठी माणसे कशी तळमळत आहेत, काही जण विषारी फळे खाऊन, लघवी पिऊन कसे प्राण सोडत आहेत, ते सारे आहे. सत्यशोधक मंडळींनी धान्य वाटायला समित्या केल्या होत्या. तिथे सावकारांच्या गावगुंडीने दंगा झाला, पोलिसांनी उलट सत्यशोधकांनाच धरले. तेव्हा ही बाई थेट कलेक्टरपुढे गेली, आणि त्याने माणसे सोडली, वर ज्वारीच्या चार गाड्याही दिल्या. कलेक्टरसमोर उभे राहणे म्हणजे त्या वेळी काय, ते आपल्यापैकी ज्यांनी तहसील कचेरीत रेशनसाठी चार हेलपाटे घातले असतील त्यांनी ओळखावे.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुण्याजवळ धनकवडीला अशा उपाशी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालला होता. जोतीरावांनी मदतीसाठी जाहीर विनंतीही काढली. इथे चूल म्हणजे एका घराची चूल राहत नाही. धान्य मागून आणायचे, निवडायचे, दळायचे. उन्हाळ्यात दळायला बायका हव्यात, पाणी लांबून आणायला हवे, आणि पोटात खळगा पडलेल्या मुलाला एकदम पोटभर घातले तर ते दगावते, हेही कुणाला तरी ठाऊक असावे लागते. माझ्या त्या रागावलेल्या भगिनीला मला हेच सांगायचे होते. सावित्रीबाईंनी चूल सोडली नाही, चुलीभोवतीची भिंत तेवढी पाडली. शाळेत त्या जो हिशोब शिकवीत, तोच ज्वारीच्या गाडीला लावीत.

पुढची दहा वर्षे मी सोडून देते. १८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायू झाला आणि उजवी बाजू गेली. त्यांनी डाव्या हाताने लिहून आपले शेवटचे पुस्तक पुरे केले, हे सर्व जण सांगतात. उजवा हात गेलेल्या माणसाला न्हाऊ-माखू कोण घालीत होते, घास कोण भरवीत होते, ते फारसे कुणी सांगत नाही. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. पैशाची फार ओढाताण होती. मामा परमानंद यांनी १८९० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना या कुटुंबाला मदत करण्याविषयी लिहिले, आणि त्यात जोतीरावांइतकीच सावित्रीबाईंचीही थोरवी सांगितली. त्याआधी १८८९ च्या फेब्रुवारीत यशवंतरावांचे लग्न हडपसरच्या ग्यानोबा ससाण्यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी, थंडीच्याच दिवसांत, जोतीराव गेले. दत्तक मुलाने टिटवे धरण्यावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, टिटवे हाती घेतले आणि अंत्ययात्रेपुढे चालल्या. एकोणसाठ वर्षांची विधवा बाई, आणि वर्ष १८९०! १८९५ साली सूनही गेली.

आता १८९६ चा हिवाळा. मुंबईत सप्टेंबरमध्ये प्लेग उघड झाला. मांडवी भागात तो प्रथम ओळखणारे डॉक्टर व्हिएगस हे गोव्याचे. माणसे आगगाड्या भरभरून पळाली आणि साथ पुण्याला आली. त्याच वर्षी आपला चांदा जिल्हा ज्या मध्यप्रांतात होता तिथेही दुष्काळ होता, म्हणजे कुणाच्याच घरी सुख नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांतून माणसाला होतो हे १८९८ साली कळले. हाफकिन साहेबांनी मुंबईत लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. सामान्य लोकांपर्यंत ती पोचायची होती. तेव्हा जांघेत किंवा काखेत गाठ आली, अंग तापले, की माणूस दोन-चार दिवसांचा सोबती, एवढेच लोकांना ठाऊक होते. फेब्रुवारीत साथीचा कायदा झाला, रँड साहेब पुण्यात आला आणि मार्चमध्ये गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. बायकांनाही ते सोडीत नसत. म्हणून लोक रोग्याला लपवीत, माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे. काही ठिकाणी तर घरचीच माणसे त्याला टाकून रानात झोपड्या घालून राहत.

सावित्रीबाई त्या वेळी सहासष्ट वर्षांच्या. यशवंतराव लष्करात डॉक्टर होते. त्यांना त्यांनी बोलावून घेतले आणि हडपसरकडे ससाण्यांच्या मळ्यात, गावापासून दूर, मोकळ्या हवेत दवाखाना सुरू केला. जागा विहिणीची, डॉक्टर घरचा, आणि रोगी ज्यांना कुणी हात लावीत नव्हते ते. गावातल्या कोंदट, उंदरांनी पोखरलेल्या घरांतून रोग्याला बाहेर काढणे हेच खरे औषध होते, हे आज आपण जाणतो. त्यांना पिसवांचे ज्ञान नव्हते, पण रोगी उजेडात आणि वाऱ्यात ठेवावा, त्याला वेळेवर पाणी पाजावे, त्याच्यापाशी कुणीतरी बसावे, एवढे त्या जन्मभर करीत आल्या होत्या. स्वतः हिंडून त्या रोगी शोधून आणीत.

मुंढव्याजवळच्या अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या वस्तीत गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. न्यायला कुणी धजेना. तेव्हा त्यांनी त्या पोराला पाठीवर घेतले आणि मळ्यातल्या दवाखान्यात आणले. सहासष्ट वर्षांची म्हातारी आणि तापाने फणफणलेले पोर! आपण लाकडाची मोळी किंवा मोहाची टोपली डोक्यावर घेऊन रानातून येतो, म्हणून ओझे काय असते ते आपल्याला कळते. परंतु मोळीचा श्वास आपल्या मानेवर लागत नाही.

हे वाचताना मला माझ्या हातातला तो डबा आठवतो. फाटकाशी ठेवून मी मागे फिरत होते, आणि मला वाटत होते की मी पुष्कळ केले. माझ्या घरात नऊ आजारी होते, ही सबब खरीच होती. सावित्रीबाईंच्या दवाखान्यात किती होते, कोण जाणे. त्यांनी ती सबब सांगितली असती तर कुणी त्यांना नावे ठेवली नसती. मला हेही वाटते की, त्यांच्या त्या अखेरच्या दिवसांत त्यांच्या हातातला पळा काढून घेणारी धाकटी जाऊ तिथे असायला हवी होती. सून तर दोन वर्षांपूर्वीच गेली होती.

ते पोर वाचले. काकूंना मात्र लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री, मुलाच्या त्याच दवाखान्याच्या आसऱ्याला, त्या गेल्या.

आमच्या घरातली ती साथ पंधरवड्याने ओसरली. शेवटची उठली ती माझी जाऊ, कारण सगळे बरे झाल्यावर तीच पडली. तिच्यासाठी पेज मी केली, आणि तिला मिरचीचा ठेचा हवा होता म्हणून ती माझ्यावर रागावली.